सातबारा ट्रंकेत, आधार चव्हाट्यावर



या पानावर आम्ही नेहमी बेणेप्रक्रिया, पाचट कुजविणे, खोडव्याच्या बगला फोडणे असल्या विषयांवर चार शब्द लिहीत असतो. यावेळी पाचट बाजूला ठेवून मोबाईलबद्दल लिहिणार आहोत. शेतकी खात्याच्या माणसाने यात कशाला पडावे, असे काही जणांना वाटेल. पण गेल्या हंगामात आपल्या घोटी गटात जे घडले त्यात आमच्या खात्याचाही दोष आहे. तो कुणी दुसऱ्याने सांगण्यापूर्वी आम्हीच सांगितलेला बरा.

घडले ते असे. गटाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री आठच्या सुमारास एका सभासदाच्या नंबरवरून एक फाईल आली. वर आपल्या कारखान्याचे बोधचिन्ह, खाली 'ऊस बिल हप्ता यादी, आपले नाव पहा' अशी ओळ. बिलाची वाट कोण पाहत नाही? पुष्कळांनी ती दाबली. काहींच्या फोनने ती उघडू दिली नाही, काहींच्या फोनमध्ये जागा नव्हती म्हणून ते वाचले. एका सभासदाच्या फोनमध्ये मात्र ती बसली. फोनने 'परवानगी द्यायची का' असे तीनदा विचारले आणि यांनी तीनदा 'हो' म्हटले. सकाळी खात्यातून सव्वा लाखाच्या आसपास रक्कम गेलेली. आडसालीचे बिल होते ते. त्यातून सोसायटी भरायची होती आणि मुलीची नर्सिंगची फी द्यायची होती.

ती यादी नव्हतीच. एपीके म्हणतात तसले ते एक अॅप होते. असले अॅप एकदा फोनमध्ये शिरले की आलेले मेसेज वाचते. बँकेचा ओटीपी आपल्या फोनवर येतो, तो आपण पाहण्याआधी चोराकडे जातो. शिवाय तीच फाईल आपल्या नंबरवरून आपल्या सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांना आपोआप जाते. म्हणजे ज्याच्या नंबरवरून ग्रुपवर फाईल आली त्या बिचाऱ्यालाही काही ठाऊक नव्हते. ओळखीच्या माणसाकडून आली म्हणून आपण विश्वास ठेवतो, आणि या चोरीत नेमकी हीच गोम आहे. पी.एम. किसानच्या नावाने असल्याच फाईली महाराष्ट्रात गावोगाव फिरल्या. आपल्याकडे ती कारखान्याचा सदरा घालून आली एवढाच फरक.

गोष्ट इथे थांबली असती तर आम्ही ग्रुपवर एक सूचना टाकून मोकळे झालो असतो. पण दोन दिवसांनी दुसऱ्या एका सभासदाला फोन आला. "नमस्कार आप्पा, कारखान्यातून बोलतोय. तुमची नोंद एक हेक्टर वीस आर, को ८६०३२, लागण ऑगस्टची. बरोबर ना? तुमचं बिल अडकलंय, खातं जोडलेलं नाही. मोबाईलवर नंबर येईल तेवढा सांगा." आप्पांनी सांगितला नाही, कारण त्यांना ऐकू कमी येते आणि त्यांनी फोन नातवाकडे दिला. नातवाने उलट प्रश्न केला, "चिटबॉयचं नाव काय?" तेव्हा फोन बंद झाला. आप्पा दुसऱ्या दिवशी कार्यालयात येऊन आम्हांला म्हणाले, "साहेब, त्या माणसाला माझ्या उसाची जात कशी ठाऊक? ती तुम्हांला आणि मलाच ठाऊक."

या प्रश्नाने आमची झोप उडाली. जात, क्षेत्र, लागणीचा महिना एवढे बिनचूक सांगणारा माणूस कारखान्याचाच असणार असे कुणालाही वाटेल. आम्हांलाही वाटले असते. ही माहिती बाहेर गेली कुठून, म्हणून आम्ही रात्री बसून गटाचा ग्रुप मागे मागे चाळत गेलो, आणि जे दिसले ते सांगायला लाज वाटते. नोंदीच्या दिवसांत आमच्याच माणसांनी लिहिले होते, "ज्यांचे कागद राहिले त्यांनी आधार, पासबुक, सातबारा ग्रुपवर टाकावा." आणि सभासदांनी इमानेइतबारे टाकला होता. आधारचा फोटो पुढून आणि मागून. पासबुकाचे पहिले पान. एका माउलीने तर पॅनकार्डही टाकले होते, कुणी मागितले नसताना. त्याखाली आमच्या फिल्डमनने प्रत्येकाचे क्षेत्र आणि जात लिहून अंगठा वर केलेला. ग्रुपमधल्या एकाचा फोन चोराच्या हाती गेला की सगळा गटच त्याच्या हाती गेला. चोराला दार फोडावे लागले नाही, आम्हीच घरातली भांडी ओसरीवर मांडून ठेवली होती.

ऊसवाल्याला हे समजायला जड नाही. गवताळ वाढीचा रोग शेजाऱ्याच्या बांधाला दोष देऊन जात नाही, तो बहुधा आपणच आणलेल्या बेण्यातून येतो. इथेही तसेच झाले.

आपल्या माणसांचा एक स्वभाव आहे. सातबारा आपण पत्र्याच्या ट्रंकेत, धोतराच्या घडीखाली ठेवतो. भाऊबंदाला दाखवायचा तरी दहा वेळा विचार करतो. तोच सातबारा आज कुणीही सरकारच्या संकेतस्थळावर पाहू शकतो, त्यात आता गुपित उरलेले नाही. ज्या आधारवर आणि पासबुकावर सगळा व्यवहार चालतो त्यांच्या झेरॉक्स मात्र सिमकार्डाच्या दुकानात, सेवा केंद्रावर, खताच्या दुकानात, सोसायटीत आणि आमच्या गट कार्यालयात, मागेल त्याला देतो. घोटीच्या बाजारात आम्ही एकदा भेळ घेतली. भेळ संपल्यावर कागदावर एका अनोळखी बाईंचा फोटो आणि बारा आकडी नंबर. कुठल्या कचेरीची रद्दी होती ते विचारायला भेळवाल्याला तरी काय माहीत! त्या बाईंचा कागद आम्ही फाडून खिशात घातला, पण गठ्ठ्यात उरलेल्यांचे काय झाले असेल?

"आमच्याकडं चोरायला हाये तरी काय साहेब?" असे पुष्कळ जण विचारतात. खात्यात हजार रुपये असतील तर हजारच जातील, असा त्यामागचा हिशेब. हा हिशेब चुकीचा आहे, कारण चोराला नुसते आपले पैसे नको असतात, त्याला आपले नाव हवे असते. परभणी जिल्ह्यात गंगाखेड येथील एका खाजगी साखर कारखान्याविरुद्ध २०१७ साली गुन्हा नोंदला गेला होता. शेतकऱ्यांनी दिलेली कागदपत्रे वापरून त्यांच्या नावावर बँकांतून परस्पर कर्ज उचलले, असा तो आरोप. रक्कम ३०० कोटींच्या वर सांगितली गेली. आरोपाचा निवाडा करणे न्यायालयाचे काम, त्यात आम्ही पडत नाही. आपण फक्त एवढे पाहू, की ज्या शेतकऱ्याच्या खात्यात चोरण्यासारखे काही नव्हते त्याच्या दाराशीही बँकेची नोटीस येऊ शकते. आणि ती कागदपत्रे कुठल्या परदेशातल्या भामट्याने पळविली नव्हती, ती शेतकऱ्यांनी विश्वासाने दिलेली होती. साखर कारखान्याच्या गट कार्यालयात बसून हे लिहिताना आम्हांला बरे वाटत नाही, पण ते टाळता येत नाही.

सरकारी घरही अगदी पक्के आहे असे नाही. पी.एम. किसानच्या संकेतस्थळाच्या एका भागातून ११ कोटींहून अधिक शेतकऱ्यांचे आधार क्रमांक बाहेरच्याला पाहता येत होते, असे २०२२ साली एका सुरक्षा संशोधकाने दाखवून दिले. मग ते छिद्र बुजविले गेले. आता आपल्या राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून शेती योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो. आपली जमीन, आधार आणि मोबाईल एकाच दाव्याला बांधले गेले आहेत. सोय मोठी आहे, आम्ही नाकारत नाही. तलाठ्याच्या चकरा वाचल्या. पण एकाच दाव्याला सगळी जनावरे बांधली की दावे सांभाळावे लागते.

सहकारी बँकांबद्दलही सांगतो, कारण आपली बिले तिथेच जमा होतात. पुण्याची कॉसमॉस बँक १९०६ सालची, जुनी आणि नावाजलेली. ११ ऑगस्ट २०१८ च्या शनिवारी तिच्या एटीएम कार्डांचे व्यवहार तपासणाऱ्या यंत्रणेत चोरांनी स्वतःची खोटी यंत्रणा घुसविली. कार्ड खरे की खोटे हे बँकेला विचारले जाण्याऐवजी चोरालाच विचारले जाऊ लागले, आणि चोर प्रत्येक वेळी 'द्या पैसे' म्हणत गेला. २८ देशांतल्या यंत्रांतून काही तासांत हजारो वेळा पैसे निघाले. सोमवारी १३ तारखेला आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. खातेदारांच्या ठेवींना धक्का लागला नाही, बोजा बँकेने सोसला. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरविले. पुण्यातल्या बँकेची ही गत, तर गट कार्यालयातल्या आमच्या एका संगणकाची काय कथा? त्याचा परवलीचा शब्द काल-परवापर्यंत भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहिलेला होता. आता पुसला आहे, आणि बदललाही आहे.

आता आमचे मत. ग्रुपवर कागदपत्रे मागणे कारखान्याने कायमचे बंद करावे. यावर आमच्याच सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की साहेब, हे बोलायला सोपे आहे. इगतपुरी तालुक्याचा पाऊस, लांबच्या वाड्या-वस्त्या. एका झेरॉक्ससाठी म्हाताऱ्या माणसाला घोटीपर्यंत बोलवायचे काय? प्रश्न रास्त आहे. त्यावर आमचा तोडगा असा की सभासदाने येऊ नये, फिल्डमनने जावे. तो नाहीतरी क्षेत्र मोजायला बांधावर जातोच. कारखान्याच्या फोनवर, कारखान्याच्या नोंदणीत तिथेच फोटो घ्यावा, स्वतःच्या फोनमध्ये एकही ठेवू नये. काम वाढेल, हे खरे. नोंदी संपायला आठ-दहा दिवस जास्त लागतील. ते आम्ही सोसू. चिटबॉय आणि फिल्डमन मंडळी आमच्यावर रागावली आहेत, त्यांचा राग जाईल.

दुसरी गोष्ट बँक खात्याची. सभासदाचा खाते क्रमांक फोनवरून, मेसेजवरून किंवा मुलाने सांगितला म्हणून बदलता कामा नये. सभासदाने समक्ष लेखी अर्ज द्यावा, आणि बदल करण्यापूर्वी कारखान्याकडे आधीपासून नोंदलेल्या जुन्या नंबरवर फोन करून खात्री करावी. नवा नंबर चोराचा असू शकतो, जुना सभासदाचा असतो. एवढ्या एका फोनने वर्षाचे बिल वाचेल.

यात एक अडचण आमच्या वहीतच आहे, तीही सांगतो. आमच्या गटात एकेका मोबाईल नंबरवर चार-चार सभासद नोंदलेले आहेत. शेअर आईच्या नावावर, पासबुक सोसायटीच्या सेक्रेटरीकडे, नंबर नाशिकला कंपनीत असलेल्या मुलाचा. बिल जमा झाल्याचा मेसेज त्याला जातो, काढल्याचाही त्यालाच. आईला काहीच कळत नाही. मुलगा गुणी असेल, पण त्याने सिम बदलले की आईच्या खात्याचा पहारेकरीच गेला. ज्या भगिनींच्या नावावर शेअर आहे त्यांनी स्वतःचा साधा बटणाचा फोन असला तरी त्याचा नंबर बँकेत आणि कारखान्यात नोंदवावा. बटणाच्या फोनमध्ये एपीके बसत नाही, हा तर त्याचा मोठाच गुण.

अंगठ्याबद्दलही थोडे. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर गावातल्या यंत्रातून पैसे निघतात, तिथे ओटीपी लागत नाही. आणि ठसा कागदावरूनही उचलता येतो. तेलंगणात २०१८ साली जमीन खरेदीच्या दस्तांवरचे ठसे संकेतस्थळावरून घेऊन त्यांच्या नकला केल्या गेल्या आणि त्यांवर हजारो सिमकार्डे चालू केली गेली. आधारच्या सरकारी संकेतस्थळावर आपल्या ठशाला कुलूप लावण्याची सोय आहे. फुकट आहे, पण आधारला मोबाईल जोडलेला हवा. मात्र कुलूप लावल्यावर रेशनच्या दुकानातही अंगठा लागणार नाही, त्या वेळेपुरते ते उघडावे लागते. हे आधी सांगून ठेवतो, नाहीतर धान्य मिळाले नाही म्हणून सारे आमच्या नावाने शिमगा करतील. झेरॉक्स द्यायचीच असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारे आधार त्याच संकेतस्थळावरून काढून मिळते, पुष्कळ ठिकाणी ते चालते. आणि झेरॉक्सवर आडवे लिहावे: 'फक्त ऊस नोंदीसाठी', तारीख, सही. लिहिलेले अंगावर येईल असे लिहावे, कोपऱ्यात नको.

ज्यांचे पैसे गेले त्या सभासदाबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. ते तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत. लाज वाटली. गावात हसतील, घरात बोलणी बसतील, म्हणून गप्प. चौथ्या दिवशी पत्नीने त्यांना आमच्याकडे धाडले. आम्ही त्यांच्यासमोर १९३० ला फोन लावला. हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर. तक्रार तत्काळ झाली तर पुढच्या बँकेला कळवून रक्कम वाटेतच अडविता येते. पण तोवर पैसे चार खात्यांतून फिरून निघून गेले होते. रिझर्व्ह बँकेने १४ डिसेंबर २०१७ रोजी सहकारी बँकांना दिलेल्या सूचनेत म्हटले होते, की चोरीत बँकेचाही दोष नाही आणि खातेदाराचाही नाही, अशा वेळी तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले तर खातेदारावर बोजा पडू नये. खातेदाराने स्वतःच ओटीपी वगैरे दिला असेल, तर मात्र कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. म्हणजे दोन्ही बाजूंनी पाहिले तरी घड्याळ महत्त्वाचे. तोडणीनंतर ऊस गव्हाणीत पडायला उशीर झाला की उतारा घटतो, हे आपल्याला सांगावे लागत नाही. इथे तर प्रत्येक तासाला उतारा घटतो. लाज चोराला वाटावी. रात्री बारा वाजता कळले तर रात्री बारा वाजता १९३० लावा, मग आम्हांला उठवा.

कायद्याची बाजूही आपल्याच सोबत आहे. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू करण्याचे ठरले. माहिती घेणाऱ्याने ती कशासाठी घेतली ते सांगावे, काम झाले की पुसावी, फुटली तर ज्याची त्याला कळवावे, अशी त्यात तरतूद आहे. सांभाळण्यात कसूर झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. कारखाना आपलाच असल्यामुळे दंडही आपल्याच उसातून जाणार. तेव्हा हा प्रश्न केवळ शेतकी खात्याचा नाही. आम्ही वर लिहिलेल्या सूचना लेखी स्वरूपात व्यवस्थापनाकडे दिल्या आहेत. निर्णय संचालक मंडळाचा. पण वार्षिक सर्वसाधारण सभेत उसाच्या दरावर आपण जसे तावातावाने बोलता, तसे एखाद्या सभासदाने उठून विचारावे, की माझी कागदपत्रे कुणाकडे आहेत, किती जणांना दिसतात आणि जुनी कुठे जातात. नोकराने विचारले तर फाईल फिरत राहते, मालकाने विचारले तर उत्तर द्यावे लागते.

घोटी गटाचा जुना ग्रुप आम्ही बंद केला आहे. बंद केला म्हणून ज्यांच्या फोनमध्ये ते फोटो उतरले ते पुसले जात नाहीत, म्हणून सर्वांनी आपापल्या फोनमधून ते काढून टाकावेत ही विनंती. नवीन ग्रुपवर फक्त आम्ही लिहू शकतो. त्यावर तोडणी कार्यक्रम आणि हवामानाची सूचना येईल, फाईल कधीही येणार नाही. बिलाची यादी पूर्वीप्रमाणे गट कार्यालयाच्या फळ्यावर लागेल. मागील हंगामांच्या ज्या झेरॉक्सचे काम संपले आहे त्या बाजाराच्या दिवशी दुपारी दोन ते पाच या वेळात सभासदांना परत देण्यात येतील. येताना ओळखीचा कागद आणावा, पण त्याची झेरॉक्स आणू नये. जे येणार नाहीत त्यांचे कागद हंगाम सुरू होण्यापूर्वी कार्यालयाच्या मागे आमच्या समक्ष जाळण्यात येतील. रद्दीवाल्याला निरोप धाडला आहे, की यंदा आमच्याकडून काही मिळायचे नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी, घोटी गट